स्पितीच्या वाटेवर पैशाची तजवीज

हिमालयाकडे निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानाची यादी सहज चाळली, तर तिच्यात लोकरीचे हातमोजे आणि कानटोप्या असतात, डोकेदुखीच्या व पोटाच्या गोळ्या असतात, हुंगण्यासाठी कापराची पुडी असते आणि पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा तर असतोच असतो. परंतु ज्या एका वस्तूवाचून हा सारा सरंजाम दोन दिवसांत अडून बसेल त्या पैशाबाबत यादीत बहुधा एक ओळही आढळत नाही. कारण उघड आहे. गेल्या काही वर्षांत शहरातला आपला व्यवहार, कोथिंबिरीच्या जुडीपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत, फोनच्या पडद्यावर येऊन ठेपला आहे, आणि जो पैसा कधी हातातच घ्यावा लागत नाही त्याची प्रवासासाठी निराळी तजवीज करावी लागते हे ध्यानात येण्याचे प्रयोजनच उरलेले नाही.

शिमल्याहून निघून सतलजच्या काठाकाठाने किन्नौरमध्ये चढणारा, नाको आणि ताबो ही गावे मागे टाकून स्पिती नदीच्या खोऱ्यात काझ्यास पोहोचणारा आणि तेथून कुंझुम खिंड ओलांडून मनालीकडे उतरणारा रस्ता मी या लेखासाठी उदाहरण म्हणून घेतला आहे. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या वारंवार दिसतात हे एक कारण. आणि पहाडी मुलखात पैशाच्या बाबतीत जे जे म्हणून घडू शकते ते सर्व या एका वाटेवर दहा दिवसांच्या आत घडू शकते हे दुसरे. लडाखात किंवा गढवालच्या वरच्या गावांत तपशील बदलतील, परंतु मुख्य गोष्ट तीच राहील, आणि ती अशी की पैसा असणे आणि पैसा हाताशी असणे या दोन गोष्टी मैदानी मुलखात एकच भासत असल्या, तरी पहाडात त्यांच्यामध्ये दोनशे किलोमीटरांचा घाट, एखादी कोसळलेली दरड आणि बंद पडलेला फोनचा मनोरा येऊन उभा राहतो.

फोनवरून शंभर रुपये देण्यास काय काय लागते याचा विचार आपण शहरात कधी करीत नाही. देणाऱ्याच्या फोनात वीज शिल्लक हवी, त्या गावात त्याच्या कंपनीचे संदेशवहन हवे, मनोऱ्याला वीज हवी, खालच्या खोऱ्यातून वर येणारी तार कोठे दरडीखाली गेलेली नसावी, त्याच्या बँकेचा संगणक जागा हवा, घेणाऱ्याच्या बँकेचाही हवा, आणि एवढे सगळे जुळून आल्यावर पैसे आल्याची वर्दी दुकानदाराच्या फोनवर पोहोचली पाहिजे, कारण ती पोहोचेपर्यंत तो बिचारा आपल्याला सोडणार नाही. ही साखळी आहे आणि तिची एक कडी तुटली की साऱ्या कड्या निरुपयोगी होतात. काझ्यात स्टेट बँकेची शाखा आहे, एटीएम आहे, फोनवर पैसे घेणारी दुकाने आणि उपाहारगृहेही पुष्कळ आहेत. तेव्हा ‘वर काहीच चालत नाही’ असे जे लोक सांगतात ते जुन्या काळचे सांगतात. परंतु चालते ते चालते तोवर. वाऱ्याने किंवा बर्फाने वीज गेली की एटीएम आणि मनोरा दोन्ही एकाच वेळी आंधळे होतात, आणि ज्या दिवशी फोन चालत नाही नेमक्या त्याच दिवशी यंत्रातूनही नोटा निघत नाहीत, ही गोष्ट प्रवाशाने पक्की गाठीस बांधावी. दोन आधार आहेत असे त्याला वाटत असते. वस्तुतः तो एकच असतो.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. पेशवाईत काशीयात्रेस निघालेला सुखवस्तू गृहस्थ रोकड बरोबर बाळगण्याऐवजी घरच्या गावी सावकाराच्या पेढीवर ती भरून हुंडी घेई आणि काशीस पोहोचल्यावर तिथल्या पेढीवर ती वटवी. दर्शनी हुंडी दाखवल्याबरोबर वटे, मुदती हुंडीस ठरलेले दिवस थांबावे लागे, आणि शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पतदार इसमाच्या हातीच पडत. विचार केला तर फोनवरचा आजचा व्यवहार हा दर्शनी हुंडीचाच वेगवान वंशज आहे. परंतु हुंडी काशीस वटे. वाटेतल्या जंगलातल्या धर्मशाळेत तिचे कोणी मूठभर तांदूळही देत नसे, म्हणून तोच गृहस्थ कमरेच्या कशात वाटखर्चाचे रुपये निराळे बांधून घेई. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत हिंडले, दक्षिणा मिळवली, वाटेत लुटले गेले आणि अखेर गंगेचे पाणी घेऊन घरी आले, ही हकिगत ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना ठाऊक आहेच. आज लुटारूंचे भय पहाडात जवळपास नाही. मी हिंडलेल्या मुलखांत स्पितीइतका निर्धास्त मुलूख क्वचितच पाहिला. म्हणून रोकड बाळगण्यास कचरण्याचे कारण नाही, आणि हुंडी अधिक कसा ही जुनी तजवीज आजही तितकीच शहाणपणाची आहे.

रोकड किती घ्यावी, हा पहिला प्रश्न. दरडोई अमुक इतके असा सरसकट आकडा सांगण्याचा मोह मी टाळतो, कारण एक कुटुंब गाडी करून जाते आणि दुसरा तरुण हिमाचलच्या सरकारी बसने जातो, त्या दोघांचा हिशेब एक होत नाही. रीत मात्र सांगता येईल. समजा चौघांच्या मंडळीचा राहणे, जेवण आणि किरकोळ मिळून दिवसाचा खर्च 8,000 रुपये येईल असा अंदाज आहे आणि रिकांग पिओ सोडल्यापासून मनालीस उतरेपर्यंत सात दिवस जायचे आहेत. तर 56,000 रुपयांचा हा खर्च सर्वच्या सर्व रोकडीने भागवावा लागेल असे धरून चालावे, त्यात गाडीवानाला वाटेत द्यावयाची रक्कम मिळवावी, आणि वर तीन दिवसांचा खर्च अडकून पडण्याच्या बाबीखाली वेगळा घ्यावा. फोन चालला तर उत्तमच. रोकड परत घरी येईल, ती काही नासत नाही. पावसाळ्यात नाकोच्या बाजूस मलिंग नाल्यापाशी रस्ता धसला, किंवा कुंझुमवर अवेळी बर्फ पडले, की तीन दिवस म्हणजे फार मोठा काळ नव्हे, आणि अडकलेल्या माणसाला मोलभाव करता येत नाही. अडला नारायण काय काय करतो ते मराठी वाचकास सांगायला नको.

ही रोकड घ्यावी कोठे, याचे उत्तर सोपे आहे: शक्य तितकी घरून, उरलेली शिमल्यात, आणि अगदीच राहून गेले असेल तर रिकांग पिओला. किन्नौर जिल्ह्याचे हे मुख्यालय असल्यामुळे तेथे बँका आहेत, आणि तेथून काझ्यापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पडतात. पेट्रोलच्या बाबतीत पहाडी गाडीवान जे पथ्य पाळतात तेच पैशाच्या बाबतीत पाळावे. पिओखालच्या पोवारीचा पंप मागे पडला की पुढचा खात्रीचा पंप काझ्यातच, म्हणून अर्धी टाकी भरलेली असली तरी ते तेथे गाडी थांबवून ती काठोकाठ भरून घेतात. मनालीच्या बाजूने येणाऱ्याने मनालीतच सोय करावी. अटल बोगदा 2020 साली खुला झाल्यापासून लाहौलमध्ये उतरणे तासाभराचे काम झाले आहे खरे, परंतु तेथून काझ्याकडे वळल्यावर ग्राम्फू ते लोसरपर्यंतच्या रस्त्यावर दगड, पाणी आणि चहाचे ढाबे यांपलीकडे काही नाही.

आता नोटांच्या जातीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण अनुभवी प्रवासीही येथेच चुकतात. एटीएममधून सहसा पाचशेच्या नोटा निघतात, आणि पाचशेची नोट ही पहाडात अर्धवटच उपयोगी पडणारी वस्तू आहे. ताबोच्या मठाबाहेर चहा वीस-तीस रुपयांचा, बसचे तिकीट साठ-सत्तरांचे, लांगझ्यात एखादी म्हातारी शंखाकृती जीवाश्मांशेजारी विणलेले मोजे मांडून बसलेली. या सर्वांपुढे पाचशेची नोट धरणे म्हणजे त्यांना मोड शोधण्यासाठी शेजाऱ्याच्या घरी पिटाळणे होय. सकाळची पहिली गिऱ्हाईके तुम्हीच असाल तर शेजाऱ्याकडेही मोड नसते. (हे जीवाश्म विकत घेऊ नयेत, हे जाता जाता सांगतो, पैशाचा प्रश्न नाही, ते त्या डोंगराचे आहेत.) निघण्यापूर्वी आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन शंभराच्या नोटांचे एक पुडके मागून घ्यावे, शंभर नोटांचे म्हणजे 10,000 रुपयांचे हे पुडके चौघांस दहा दिवसांत अपुरे पडले तर पडेल, जास्त होणार नाही. त्याबरोबर वीस आणि पन्नास रुपयांच्या मिळून हजार-दोन हजारांच्या नोटा आणि दहाची थोडी नाणी असावीत. दहाचे नाणे कोठे कोठे दुकानदार नाकारतात. ते सर्व नमुन्यांचे वैध आहे हे रिझर्व्ह बँकेने वारंवार जाहीर केले आहे, परंतु बर्फाच्या वाऱ्यात उभे राहून कायदा समजावून सांगण्यापेक्षा नोट पुढे करणे सोयीचे, म्हणून नाणी थोडीच. फाटलेल्या, चिकटवलेल्या, रंग लागलेल्या नोटा घरीच निवडून बँकेत बदलून टाकाव्यात. वरच्या गावांत त्या घेण्यास लोक काचकूच करतात, आणि त्यांचेही चुकत नाही, कारण ती नोट बदलण्यासाठी त्यांना काझ्यापर्यंत जावे लागणार असते.

रोकड ठेवण्याची रीत आपल्या आजीला ठाऊक होती तीच. सगळी एका ठिकाणी नको. दिवसाच्या खर्चाची खिशात, मुख्य रक्कम अंगावरच्या कशात, आणि एक पंचमांश भाग पिशवीच्या तळाशी प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात, ज्याला मनाली दिसेपर्यंत हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो आहे, आणि ती कोठे लिहिलेली पाहिली नाही. काझा सुमारे 3,700 मीटरांवर आहे, लांगझा-कोमिक त्याहून बरेच वर, आणि त्या उंचीवर पहिले दोन दिवस माणसाचे डोके जड आणि मती मंद असते. अशा वेळी रात्री मेणबत्तीच्या उजेडात हिशेब चुकते करू नयेत, नोटा मोजू नयेत, आणि एटीएमचा गुप्त आकडा तर मुळीच आठवू पाहू नये. एक मित्र वर्षानुवर्षांचा आपला आकडा तेथे तीनदा चुकला आणि त्याचे कार्ड अडकून पडले. ज्या मुक्कामी पोहोचलो त्या मुक्कामी विश्रांती. देणे-घेणे दुसऱ्या दिवशी उन्हात.

फोनच्या बाबतीत जी तयारी करायची ती घरीच केली पाहिजे, आणि ती बहुतेक करीत नाहीत. पहिली गोष्ट सिमची. युपीआयचे खाते ज्या सिमवर नोंदवलेले असते त्या सिमशी ते जखडलेले असते. वर गेल्यावर आपल्या कंपनीचे संदेशवहन मिळत नाही म्हणून ते काढून कोणाचे तरी दुसरे सिम त्या जागी घातले, की खाते पुन्हा नोंदवण्याची मागणी होते, आणि त्यासाठी संदेश जावा लागतो तो त्या काढून ठेवलेल्या क्रमांकावरूनच. तेव्हा मूळ सिम कधीही फोनातून काढू नये. दुसऱ्या खाचेत दुसरे घालावे. मूळ सिमला सेवा नसली तरी ते जागेवर असेल आणि मुक्कामाच्या घरी वायफाय असेल तर पैसे जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लडाखास जाणाऱ्यांना तर एक आणखी मोठी अडचण आहे: बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाख या प्रदेशांत चालतच नाही, पोस्टपेड चालते. आमच्या मंडळींतील आठपैकी सहा जणांना हे सत्य लेहच्या विमानतळावर उतरल्यावर उमगले, आणि पुढचे नऊ दिवस उरलेले दोघे साऱ्यांचे सावकार होऊन बसले. पोस्टपेड करून घ्यायचेच असेल तर निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी करावे. कारण सिम बदलले की पहिले चोवीस तास त्यावर संदेशसेवा बंद असते, आणि नव्याने नोंदवलेल्या युपीआयवरही आरंभीच्या दिवशी रकमेची मर्यादा पडते.

युपीआय लाइट म्हणून जी सोय आहे तिच्यात 5,000 रुपयांपर्यंत रक्कम आधी भरून ठेवता येते आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत गुप्त आकड्यावाचून देता येते. बँकेचा संगणक मंद असतानाही हा व्यवहार सहसा अडत नाही, म्हणून पहाडात तो उपयोगी. मात्र नेटवर्क अजिबात नसेल तर सामान्यतः त्याचाही इलाज चालत नाही, हा भेद ध्यानात असावा. इंटरनेट नाही पण बोलण्यापुरते संदेशवहन आहे अशा ठिकाणी तारा, नऊ, नऊ, हॅश ही जुनी सेवा चालू शकते. तिच्यातून एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात. ती आपल्या सिमवर चालते की नाही हे घरच्या खुर्चीत बसून, घरच्याच माणसाला एक रुपया पाठवून पाहावे. आणि फोन थंडीत उघडा ठेवू नये. शून्याखाली त्यातील बॅटरी भरलेली दिसूनही एकाएकी मान टाकते. रात्री तो रजईत घेऊन झोपावे. स्पितीतले लोक स्वतः तसेच करतात. स्पितीत गिऊसारख्या सीमेलगतच्या गावात मोबाईलची सेवा पोहोचली ती 2024 साली. चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूंकडे निघताना मात्र फोन हे केवळ छायाचित्राचे यंत्र समजावे.

एटीएमसंबंधी दोन शब्द. कार्डे दोन वेगवेगळ्या बँकांची असावीत आणि ती दोन वेगवेगळ्या माणसांजवळ असावीत. महिन्याकाठी परक्या बँकेच्या यंत्रातून मोफत व्यवहारांची संख्या ठरलेली आहे आणि तिच्यापुढे 2025 च्या मे महिन्यापासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत आकार पडतो. पहाडात या आकाराचा विचार करीत बसू नये, परंतु थोडे थोडे पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढावे. यंत्रात रोकड भरल्याची वार्ता गावभर पसरते आणि रांग लागते, म्हणून सकाळी जावे.

एका पहाडी गावात यंत्राने माझे 10,000 रुपये मोजल्याचा आवाज केला, वीज गेली, आणि नोटांऐवजी अंधार हाती आला. खात्यातून रक्कम मात्र वजा झाली. त्या वेळी माझ्यासारखा शांत माणूसही रखवालदारावर ओरडला, हे कबूल करतो, आणि तो बिचारा निर्विकारपणे म्हणाला की वीज येईल तेव्हा येईल. अशा प्रसंगी काय करावे ते येथे नीट सांगतो. वेळ, जागा आणि यंत्रावर लिहिलेला क्रमांक यांचे तेथेच छायाचित्र घ्यावे, कागदाची पट्टी निघाली असेल तर ती जपावी, आणि ज्याचे यंत्र आहे त्या बँकेकडे नव्हे, तर आपले खाते ज्या बँकेत आहे तिच्याकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यावर परत आली पाहिजे, आणि विलंब झाल्यास दररोज 100 रुपये भरपाई बँकेने आपण होऊन दिली पाहिजे. युपीआयने एखाद्या व्यक्तीस पाठवलेले पैसे मध्येच लटकले तर हीच मुदत एका दिवसाची, दुकानदारास दिलेले असतील तर पाच दिवसांची. माझे पैसे चौथ्या दिवशी परत आले. परंतु ते चार दिवस मी त्या पिशवीच्या तळाच्या एक पंचमांशावर काढले, हेही सांगितले पाहिजे. कायदा पैसे परत देतो. रात्रीचे जेवण देत नाही.

फोनवरचा लटकलेला व्यवहार दुकानात अधिक नाजूक होतो. आपल्या पडद्यावर पैसे गेलेले दिसतात, त्याच्या फोनवर आलेले दिसत नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटणे दाबू नयेत. रोकड द्यावी, त्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि नंतर पैसे पोहोचले तर परत पाठवा असे सांगून निघावे. माझ्या अनुभवात असे सांगितलेले पैसे स्पितीतल्या माणसाने परत पाठवले नाहीत असे झालेले नाही.

गाडी आणि राहणे या दोन बाबींवर प्रवासातला मोठा खर्च होतो आणि भांडणेही याच दोन बाबींवर होतात. काझ्यात टॅक्सीवाल्यांचा संघ आहे आणि की, किब्बर, चिचम, हिक्कीम अशा ठिकाणांचे दर ठरलेले असतात. लेहमध्येही संघाचे दरपत्रक छापलेले असते. तेथे घासाघीस करणे म्हणजे वेळ दवडणे. विचारायचे ते निराळेच: दर एका बाजूचा की येण्याजाण्याचा, गाडीवानाचा रात्रीचा मुक्काम आणि जेवण त्यात धरले आहे की नाही, आणि आपल्याला मनालीस सोडून गाडी रिकामी परत येणार असेल तर त्या परतीचे भाडे कोणाच्या माथी. या परतीच्या भाड्यावरून शहरी प्रवासी फार संतापतात. परंतु दोनशे किलोमीटरांच्या त्या रस्त्यावर रिकाम्या गाडीलाही तेवढेच डिझेल लागते आणि तेवढेच टायर झिजतात. विसार देताना एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये, आणि रस्ता बंद झाल्यास त्याचे काय होईल हे देण्यापूर्वीच फोनवरच्या दोन ओळींत लिहून घ्यावे. तोंडी बोलणे झाले असेल तरीही आपणच ‘ठरल्याप्रमाणे’ असा संदेश पाठवून ठेवावा. कागदी करारनाम्याइतकाच तो उपयोगी पडतो.

गावातल्या घरी राहण्याचा दर बहुधा माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी येते. अंघोळीच्या गरम पाण्याची बादली, बुखारीच्या शेगडीतली लाकडे, फोन भारणे यांचे वेगळे पैसे पडतात का ते पोहोचल्यावर विचारून घ्यावे, निघताना नव्हे. पाण्याच्या बादलीचे पैसे ऐकून भुवया उंचावू नयेत. वर झाडे जवळजवळ नाहीत; लाकूड खालून ट्रकने चढते. त्या घराची वर्षाची नगद मिळकत हिरव्या वाटाण्याच्या पिकावर आणि उन्हाळ्यातल्या चार महिन्यांच्या पाहुण्यांवर चालते, उरलेल्या काळात कुंझुम बंद असते, आणि जी भाजी आपण खातो तीही पुष्कळदा कोठून तरी गाडीतून आलेली असते. पहाटे निघायचे असेल तर हिशेब आदल्या रात्रीच्या जेवणाआधी चुकता करावा, कारण पहाटे घरधनी गुरांमागे गेलेला असतो आणि धाकटी मुले पाचशेच्या नोटेकडे पाहत दारात उभी राहतात. मठात दानपेटीत टाकायचे ते पेटीतच टाकावे. लामांच्या हातावर नोटा ठेवण्याची गरज नाही.

मंडळी चार-पाच असतील तर सह्याद्रीतल्या गडांवर जाणाऱ्यांची वर्गणीची जुनी पद्धत सर्वांत उत्तम. निघताना प्रत्येकाने सारखी रक्कम द्यावी, एकाने खजिनदार व्हावे, दुसऱ्याने लिहावे. पैसे धरणारा आणि लिहिणारा एकच माणूस असू नये, हा नियम पेशव्यांच्या दप्तरात होता आणि तो चांगला आहे. लिहिणे वहीत. फोनातली हिशेबाची ॲपे सुरेख असतात, परंतु बॅटरी मेली की त्यांच्याबरोबर तीन दिवसांचा जमाखर्चही मरतो, आणि मग मनालीच्या उपाहारगृहात जी स्मरणशक्तीची परीक्षा सुरू होते तिच्यात मी चांगल्या चांगल्या मैत्र्या उताण्या पडलेल्या पाहिल्या आहेत.

फसवणुकीचा धोका वर नसतो, घरी बसून आरक्षण करताना असतो. इंटरनेटवर शोध घेतल्यावर प्रथम दिसणारे हॉटेलचे संकेतस्थळ खरे असेलच असे नाही. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा, वैयक्तिक खात्यावर मागणारा आणि घाई करणारा, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की फोन ठेवून द्यावा. पैसे ‘घेण्यासाठी’ गुप्त आकडा कधीही लागत नाही. फसगत झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत. उशीर होईल तसा नुकसानीचा भार आपल्याकडे सरकतो.

काझ्याच्या वर, सुमारे 4,400 मीटरांवर, हिक्कीम गावात 1983 पासून एक टपाल कार्यालय आहे, आणि जगातील सर्वांत उंच टपाल कार्यालयांपैकी एक म्हणून तेथे पोस्टकार्ड टाकण्यास प्रवाशांची रीघ लागते. आपल्याला ते गमतीचे वाटते. गावकऱ्यांना मात्र तेथे बचतीचे खाते असते. कोकणातल्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगल्या, त्यामुळे पोस्टमनच्या पिशवीतले पैसे म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. येथे पोस्टकार्ड घेताना पाचशेची नोट काढू नये, एवढीच विनंती.

आणि एक विनंती परतीच्या वाटेवरची. स्पितीतून बाहेर पडण्याच्या आदल्या रात्री आपल्या कशात शंभराच्या, पन्नासाच्या, वीसच्या नोटा उरलेल्या असतील, तर त्या तशाच खाली आणू नयेत. ज्या घरी मुक्काम असेल त्या घरच्या बाईंना विचारून तेवढ्याच रकमेच्या पाचशेच्या नोटा त्यांच्याकडून घ्याव्यात. मनालीत मोड कोठेही मिळते, काझ्यात ती पुढच्या प्रवाशाला हवी असते.